साहेबाची लाच

निपाणीत आमच्या शेजारी एक सुतार राहायचे. सगळे त्यांना आप्पा म्हणत. त्यांचा उभा जन्म बैलगाड्या करण्यात गेलेला. कुठल्याही लाकडाला आधी टिचकी मारायची, कान लावायचा आणि मगच बोलायचं, ही त्यांची रीत.

एकदा तंबाखूच्या एका व्यापाऱ्यानं कुणा गोऱ्या साहेबाची जुनी सागवानी मोटार-लाँच विकत घेतली आणि दुरुस्तीला आप्पांकडे आणून टाकली. ‘लाँच’ हा शब्द काही आप्पांच्या जिभेवर बसेना. ‘‘सायबाची लाच घेतलीया घरात,’’ असं ते भर बाजारात सांगायचे आणि हवालदार वळून बघायचा.

दोन महिन्यांनी नवे खिळे, नवं डांबर लावून लाँच वेदगंगेवर नेली. इंजिन अजून काठावरच होतं. व्यापारी हार घेऊन उभा. आप्पांनी लाँच पाण्यात ढकलली, आत दगड भरले आणि बुडवून टाकली!

‘‘आप्पा, अहो बुडवलीत की हो!’’

‘‘गाडीचं चाक उन्हानं खिळखिळं झालं, की वढ्याच्या पाण्यात टाकतो न्हवं? फळ्या फुगू द्या शेटजी. चार दिसांनी या.’’

चार दिवस ते काठावरून हलले नाहीत. मला हळूच म्हणाले, ‘‘मास्तर, मलाबी जरा भ्या वाटतंय बरं का.’’

पाचव्या दिवशी दगड काढले, पाणी उपसलं. लाँच बदकासारखी तरंगली. आत थेंब नाही. गर्दी आवरायला आलेला हवालदारच आधी उडी मारून आत बसला.

आप्पांनी जोरात टाळी वाजवली.

‘‘बघा मास्तर, हवालदार लाचंत गावला!’’