वहिनींना हवं असलेलं पुस्तक

घोलवडच्या एका चिकूवाडीत कंबोडियातून लग्न होऊन आलेली बाई राहते. सगळे तिला वहिनी म्हणतात, मीही. डहाणूला मी सांभाळते त्या वाचनालयात ती येते तेव्हा पुस्तकाला हात लावण्याआधी तळवे ओढणीला पुसते. मराठी ती गुजराती बोलणाऱ्या सासूकडून शिकली, त्यामुळे बोलताना मध्येच गुजराती शब्द येतो आणि तिचं तिलाच हसू येतं.

तिला तिच्या देशाच्या राजकारणावरचं पुस्तक हवं होतं. मी आपली देवळांच्या चित्रांची पुस्तकं काढून द्यायची.

"देवळं मला माहीत आहेत, ताई," ती म्हणाली. "माझ्या जन्माआधी काय झालं ते पायजे. घरी कोणी बोललंच नाय."

शेवटी मुंबईहून तिथल्या कत्तलींच्या काळाचा एक जाडजूड इंग्रजी इतिहास मागवला. परवा तो तिच्या हातात देताना मी इतर वाचकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमच्या माणसांनी केवढं सोसलं हो!"

ती फोटोंची पानं उलटत राहिली. काळ्या कपड्यांतल्या, बंदुका घेतलेल्या पोरांच्या फोटोवर थांबली. एकेका चेहऱ्यावरून बोट फिरवत हळूच म्हणाली, "सोसलं ते दुसऱ्यांनी. माझे बाबा ह्यांच्यात होते. त्यांनी काय केलं, मी कधी विचारलं नाय."

तिने जुना पेपर मागून घेतला आणि पुस्तकाला नीट कव्हर घातलं.

"इकडे घरी माहीत नाय, ताई."

मी मान हलवली. तिच्याकडे बघायची मला लाज वाटत होती. तीही माझ्याकडे बघत नव्हती.