काखेतलं अवधाण

उजव्या काखेत गाठ लागली ती अंघोळ करताना. चिंचोक्याएवढी होती आणि दाबली की दुखायची. आठ दिवस मी कुणाला बोलले नाही. काखेचं सांगायचं म्हणजे पुढे दाखवावं लागणार, आणि ते मला जमत नाही. शेवटी मासळीची पाटी डोक्यावर घेताना हात अर्ध्यातच थांबला, ते सुनेने पाहिलं. मग तिला सांगितलं.

डॉक्टर आमच्या कोळीवाड्याच्या तोंडाशीच आहेत, मालाडच्या रस्त्याला. त्यांनी ब्लाउजवरूनच चाचपलं. "हाताला कुठे जखम, गळू, असं काही?" मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी सोनोग्राफी करून आणायला सांगितली.

रिपोर्ट मुलगा घेऊन आला. दारातच वाचला आणि सुनेच्या हातात दिला. वाचताना तिचे ओठ हलतात. ते मध्येच थांबले.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"सूज आहे. बाकी काही नाही," मुलगा म्हणाला.

"एवढं लिहायला दोन पानं लागली?"

"ते लोक तसंच लिहितात गं आई."

कागद कपाटावर गेला. दुसऱ्या दिवसापासून घरातली माणसं गोड झाली. सुनेने भांडी माझ्या हातून काढून घेतली. कालवणात मीठ कमी पडलं तरी ऐकवणारा मुलगा खाली मान घालून जेवू लागला. मी आत आले की मोबाइल पालथा पडायचा. रविवारी नणंद आली. माझ्याकडे येते ती कोलंबी न्यायला, आणि या वेळी सफरचंदं घेऊन आली. सफरचंदं कुणाकडे नेतात ते मला माहीत आहे. काखेतली गाठ छातीतल्या रोगाची असते, असं बाजारात ऐकलेलं होतंच. त्या रात्री मला वाटलं, हे सगळे मला पोचवून आलेत आणि मलाच तेवढं सांगायचं राहिलंय.

माझी शाळा चौथीपर्यंतची. मराठी वाचते, इंग्रजीत नुसती अक्षरं ओळखते. सोमवारी घर रिकामं झालं तेव्हा स्टुलावर चढून कागद काढला. एका लांबलचक शब्दाखाली पेनाने रेघ मारलेली होती. तेच माझ्या रोगाचं नाव, असं मी धरून चालले. कागद पिशवीत घातला आणि एकटी डॉक्टरांकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा एकटी.

"ह्या रेघेच्या शब्दाचा अर्थ सांगा," मी म्हटलं.

"लिम्फॅडेनोपॅथी. गाठी सुजल्यात, एवढाच अर्थ."

"रोगाचं नाव ना हे?"

"नाही मावशी. ताप म्हणतो ना आपण, तसं. ताप मलेरियाचाही असतो, सर्दीचाही. गाठी कशाने सुजल्या ते ह्या शब्दात नसतं. ते शोधावं लागतं."

मला पटलं नाही. "माझ्या मुलाने तुम्हाला फोन केलेला?"

"केला होता. आईला घाबरवू नका म्हणाला. त्याला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतोय."

तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्या बोटाकडे गेलं. उजव्या हाताचं मधलं बोट काळंनिळं आणि फुगलेलं होतं.

"हे काय?"

"मासळी साफ करताना शिंगाळ्याचा काटा गेलेला. झाले पंधरा-वीस दिवस."

"मी जखम विचारली तेव्हा नाही म्हणालात."

"ही जखम कुठे? काटा आहे."

आमच्यात कोयत्याने कापलं तर जखम. काटे रोजचेच, कोण मोजतं?

त्यांनी बोट दाबून पू काढला, पट्टी बांधली. म्हणाले, "पायाला लागलं की जांघेत गाठ सुजते, अवधाण येतं, ठाऊक आहे ना? हाताला लागलं की काखेत येतं. हे बहुतेक तेच. पाच दिवस गोळ्या घ्या. तीन आठवड्यांत बसलं नाही तर सुई घालून तपासू."

अवधाण मला ठाऊक होतं. लहानपणी कितीदा लंगडले असेन. काखेतही येतं, हे मनात आलं नव्हतं. पण त्यांचं 'बहुतेक' माझ्या कानात राहिलं.

गाठ पुढे महिन्याभरात विरली. त्या संध्याकाळी मात्र ते कुणालाच माहीत नव्हतं. मुलगा कामावरून आला तेव्हा मी कागद त्याच्यासमोर ठेवला.

"लपवलंस का?"

"मोबाइलवर तो शब्द टाकला तर काय काय यायला लागलं. टीबी, कॅन्सर. तुला काय सांगू? आणि तू आठ दिवस लपवलंस ते?"

"माझी काख आहे. वाच आता. सगळं वाच, मराठीत सांग."

"तुला कंटाळा येईल."

"मी बसलेय."

तो वाचत गेला, ओळीओळीला मराठीत सांगत. सून गॅस बंद करून बाजूला येऊन बसली. मी कागदाकडे बघत नव्हते, त्याच्या तोंडाकडे बघत होते. दुसऱ्या पानावर एका ठिकाणी तो भरभर पुढे गेला.

"ते राहिलं," मी म्हटलं.

"तिथे नुसतं गाठीचं माप आहे."

"मापच सांग."

त्याने माप सांगितलं. मी सुनेकडे पाहिलं. तिने कागद आपल्याकडे ओढला, बोट ठेवून ती ओळ पुन्हा वाचली आणि म्हणाली, "मापच आहे, आई." तेव्हा मी त्याला पुढे वाच म्हटलं.