एकटीच्या जेवणाचं कपाट

बेल्जियमला जायची कल्पना नवऱ्याची. आम्ही राहतो त्या जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फहून गाडीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं आणि रविवारी इथे सगळी दुकानं बंद. सासूबाईंचा व्हिसा संपत आला होता, तेव्हा त्यांना एखादं जुनं बेगिनहोफ दाखवू, म्हणाला. बेल्जियमच्या फ्लेमिश भागातल्या गावांत भिंतीआड अशा वसाहती आहेत. शेकडो वर्षं तिथे फक्त बायका राहिल्या, छोट्या छोट्या घरांत, स्वतः कमवून.

मी आदल्या दिवसापासूनच धुमसत होते. शनिवारी नवरा आणि दीर व्हिडिओ कॉलवर परस्पर ठरवून मोकळे झाले, की आईनं आता कोथरूडला एकटीनं राहायला नको. व्हिसा मिळेल तेव्हा तीन महिने आमच्याकडे, बाकीचा वेळ मुंबईला दिराकडे. फ्लॅट भाड्यानं द्यायचा, सोमवारी ब्रोकर बघून जाईल. हे चाललं तेव्हा सासूबाई शेजारच्याच खुर्चीत मटार सोलत बसल्या होत्या.

बेगिनहोफच्या दारातून आत शिरताच नवऱ्यानं आईला समजावलं, की इथे नवरा नसलेल्या बिचाऱ्या बायका राहायच्या, आपल्याकडच्या आश्रमासारखं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. बिचाऱ्या कसल्या? पाटीवर जर्मनमध्येसुद्धा लिहिलं होतं: जन्मभराचं व्रत नाही, मनात आलं तर सोडून जायची मुभा. मी ते मुद्दाम मोठ्यानं मराठीत सांगितलं. तिच्या डोक्यात काही भरवू नकोस, तो म्हणाला. जसं काही त्या डोक्यात स्वतःचं काही नव्हतंच.

एक घर जुन्या सामानासकट बघायला ठेवलं होतं. त्यात एक अरुंद लाकडी कपाट. वर ताट, पेला, पाव ठेवायची जागा. मधली फळी बाहेर ओढली की तेच टेबल. प्रत्येकीचं कपाट वेगळं आणि जेवण तिथेच, एकटीनं. नवरा हळहळला. सासूबाई मात्र तिथून हलेनात. आमच्याकडे त्यांचं ताट आमच्या मीटिंगा संपल्यावर वाढलं जातं, दिराकडे सगळ्यांची मालिका संपल्यावर.

बाहेर बाकावर बसलो आणि माझा बांध फुटला. आईंचं घर भाड्यानं द्यायचं ठरवणारे तुम्ही दोघं कोण, असं मी नवऱ्याला विचारलं. त्यांना तिथेच राहायचंय, हेही मीच सांगून टाकलं. आवाज इतका चढला, की समोरच्या खिडकीतून एक बाई बघायला लागली. बघू दे म्हटलं.

सासूबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "तू नको माझ्या वतीनं भांडूस." मग मुलाकडे वळून, भाजीबद्दल बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "कोथरूडची किल्ली समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंकडे आहे. त्यांना सकाळीच फोन केला. ब्रोकरला द्यायची नाही, म्हणून सांगितलंय. मी घरी जातेय."

"मग काल बोलली का नाहीस, आई?"

"विचारलंत कधी?" त्या म्हणाल्या. आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.