दोन्ही डोळ्यांत दोन-दोन थेंब

सगळ्यात आधी हे सांगून टाकते, नाहीतर पुढे लिहिताना मी स्वतःलाच सूट देत जाईन. पिल्लाच्या डोळ्यांत ते औषध मीच घातलं. आजोबा काहीही बोलले असोत, बोटं माझी होती.

पिल्लू दोन महिन्यांचं, मांजरीण, राखाडी. ठाकूरद्वारच्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली सापडली आणि आठ दिवसांत घराची मालकीण झाली. शुक्रवारी संध्याकाळी तिने खुर्चीवरून पलंगावर उडी मारली आणि चुकली. सरळ लाकडावर आपटली. आम्ही हसलो! मी तर म्हटलं परत कर, परत कर, व्हिडिओ काढते. मग ती दुधाच्या ताटलीकडे गेली आणि ताटलीच्या बाजूची फरशी चाटायला लागली, तेव्हा हसणं बंद झालं. उचलून बघितलं तर उजवा डोळा अर्धा मिटलेला, पाणी गळतंय, बुबुळावर निळसर धुकं. डावा नुसता लाल.

आई म्हणाली, "फूल पडतंय की काय डोळ्यात? उद्या सकाळी डॉक्टरकडे ने."

उद्या माझं कॉलेजमध्ये प्रेझेंटेशन होतं, माटुंग्याला. परवा रविवार.

आता आमच्या घरचं एक सांगायला हवं. आमच्याकडे अंडी येत नाहीत, त्यामुळे फ्रिजच्या दारातल्या अंड्यांच्या खळग्यांत औषधं असतात. उरलेली, अर्धी, सगळी. फेकायचं काही नाही. आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्याचे ड्रॉप्स तिथेच होते. आणि ते ऑपरेशन झाल्यावर महिनाभर दिवसातून चार वेळा त्यांच्या डोळ्यात औषध घालायचं काम माझं होतं. खालची पापणी ओढायची, थेंब सोडायचा, डोळा मिटून शंभर आकडे. आजोबा मला तेव्हापासून डॉक्टरीणबाई म्हणतात. मला पण खरंच वाटायला लागलं होतं की मला येतं.

"डॉक्टरीणबाई, माझी बाटली आहे की," आजोबा म्हणाले. "दोन दिवसांत माझा डोळा कसा लख्ख झाला होता!"

"बाबा, माणसाचं औषध मांजराला?" आई.

"डोळा तो डोळाच. मांजराला काय वेगळा दिलाय देवाने?"

"तुमचं ऑपरेशन झालं होतं. हिचं काय झालंय ते तरी माहितीये का?"

"अगं, दोन थेंबांनी काय होतंय आई!" हे मी. मी बाटली घेऊन पण आले होते. तिला टॉवेलमध्ये गुंडाळलं, उजव्या डोळ्यात दोन थेंब. आणि मग, हे मला रोज आठवतं, डाव्यात पण दोन. सेफ साइड म्हणून.

आणि यार, फरक पडला! शनिवारी लाली एकदम कमी. मी प्रेझेंटेशन देऊन धावत घरी आले, परत थेंब घातले. रविवारी चार वेळा. आजोबा एवढे खूश की अख्ख्या मजल्यावर सांगून आले. सोमवारी सकाळी तिने डोळे उघडले तर दोन्ही दुधासारखे पांढरे.

भाजीच्या टोपलीत घालून, वर दुपट्टा बांधून, टॅक्सीने परळला, जनावरांच्या दवाखान्यात. डॉक्टर तरुण होत्या, शांत. त्यांनी तिच्या समोरून कापसाचा बोळा खाली टाकला. तिने मान वळवली नाही. परत टाकला. नाही.

"घरी काही घातलंत का?"

मी पटकन फोन काढून बाटलीचा फोटो दाखवला. अजूनही मला वाटत होतं की त्या म्हणतील, बरं केलंत.

त्यांनी फोटो मोठा करून वाचला. "यात स्टिरॉइड आहे. हिला इन्फेक्शन होतं, बुबुळावर जखम होती. स्टिरॉइडने लाली जाते आणि आत जखम वाढत जाते." मग म्हणाल्या, "दोन्ही डोळ्यांत घातलंत?"

मी हो म्हटलं.

"उजवा काढावाच लागेल. डाव्यासाठी औषध देते. पण दिसेल अशी आशा नका ठेवू."

मी विचारलं, आधी आणलं असतं तर? त्या चिठ्ठी लिहीत राहिल्या. आई टोपलीचा दुपट्टा सोडत होती, तिने फक्त माझ्या पाठीवर हात ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

आजोबांना आम्ही इन्फेक्शन होतं एवढंच सांगितलं. त्यांना पुढचं कळलंय बहुतेक, कारण त्यांनी ती बाटली स्वतः फेकली आणि आता मला नावाने हाक मारतात.

उजवा डोळा काढला. टाके सुकले. डाव्यात काही फरक नाही, तीन आठवडे झाले, रोज बघते, नाही. दर चार तासांनी औषध घालायचं असतं. टोपण उघडल्याचा आवाज आला की ती पळते, भिंतीला घासत घासत, आणि फ्रिजमागे तोंड खुपसून बसते. पाठ, शेपटी, सगळं बाहेर. तिला वाटतं ती लपलीये. मी जाऊन तिला उचलते, आई पाय धरते, आणि मी खालची पापणी ओढते.