वाळूवरची उडी आणि वहिनीचं ‘हळू’

साठच्या दशकात मी दुबईला गेले ती फिरायला नव्हे, भाचीला आणायला. माझा धाकटा भाऊ वसंत तिथे तेल कंपनीच्या ऑफिसात होता. त्याची मीनू सात वर्षांची झाली होती आणि तिला नीट शाळा हवी होती. मी साताऱ्यात शिक्षिका. मोठ्या सुट्टीत बोटीचं तिकीट काढलं.

बोट किनाऱ्यापासून दूर थांबायची आणि शिडीने पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरावं लागायचं. पाचवारीत हे जमतं. पिशवी मात्र आधी खाली सोडावी. आता ही सूचना कोणाच्या कामाची नाही. सुरमई ताजी आणि स्वस्त होती, पिण्याचं पाणी गाढवावरून घरी यायचं.

वसंतच्या बायकोने, सुधावहिनीने, मीनूची ट्रंक भरलीच नव्हती. विषय काढला की म्हणायची, “वन्सं, पुढच्या वर्षी बघू.” वसंत पेपर उघडायचा.

परतीच्या बोटीआधीच्या शुक्रवारी आम्ही शारजाच्या बाजूला वाळूत गेलो. रस्ता असा नव्हताच. वसंतच्या कंपनीचे ड्रायव्हर, रत्नागिरीचे हसनचाचा, टायरमधली हवा कमी करून जीप नेत होते. तिथे कंपनीचा नॉर्वेजियन इंजिनियर लार्स वाळूच्या एका उंच टेकाडावर उडीसाठी खोक्यांच्या फळ्या ठोकत होता. फळ्यांना मुशीचं, म्हणजे शार्कचं, तेल चोपडलं होतं. ते होडीवाले लाकडाला लावतात; वास वर्णनापलीकडचा. त्याची आठ वर्षांची मुलगी कारी पायाला बर्फावर घसरायच्या लाकडी स्की बांधून फळ्यांवरून सुटली, हवेत गेली, खालच्या उतारावर उतरली आणि लगेच पुन्हा वर चढू लागली.

मी तिला विचारलं, हे कशासाठी?

“बिकॉज इट्स ओव्हर टू सून,” ती म्हणाली.

तिच्या बापाने जरा नीट सांगितलं. त्यांच्या गावी उतार घरामागेच असतो. पहिली उडी मुलाच्या गुडघ्याएवढी. मूल लहान तोवर भीतीही लहान असते, म्हणून लवकर सुरू करायचं.

“आणि आईबाप काय करतात?”

“फावड्याने बर्फ सारखा करतात. स्की वर वाहून नेतात.”

“सूचना?”

“वर, पट्टे बांधताना. मूल सुटल्यावर नाही.”

मीनू म्हणाली, “आय वॉन्ट टू.” वहिनी नाही म्हणाली, मग पुन्हा नाही म्हणाली, मग म्हणाली, “एकदाच.” लार्सने फळ्या खाली आणून ठोकल्या.

कारीच्या स्की बांधून मीनू सुटली आणि खालून वहिनी ओरडली, “हळू! मीनू, हळू!” मीनू आज्ञाधारक मुलगी. तिने अंग मागे टाकून वेग आवरला आणि फळीच्या टोकावरून तोंडावर पडली.

“वहिनी, तुमचा आवाज ऐकून उंटसुद्धा थांबेल हां!” हसनचाचा म्हणाले.

“पडली कारण तिने ऐकलं,” लार्स म्हणाला.

मीनू वाळू थुंकत उठली. “आई, यू सेड स्लो!”

वहिनीचा चेहरा उतरला. “मी गाडीत बसते. मला राहवायचं नाही.”

“नो. स्टँड देअर. डोन्ट टॉक,” मीनू म्हणाली.

वहिनी तिथेच उभी राहिली. पदराचा बोळा करून तिने तोंडात कोंबला. वसंत स्की घेऊन वर गेला. मीनू मागोमाग चढली, सुटली, हवेत गेली, उतरली आणि बसकण मारून घसरत आमच्या पायांशी थांबली. उडी वीतभर होती. मी शिक्षिका आहे, वाढवून सांगत नाही.

वहिनीने पदर काढला. बराच वेळ ती मीनूच्या केसांतली वाळू झाडत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “वन्सं, न्या हिला. संध्याकाळी ट्रंक भरते.”

आज त्या भागात टॉवर आहेत आणि दुबईच्या मॉलमध्ये खराखुरा बर्फ आहे. मुलांना तिथे नेणारे माझे तरुण वाचक मला विचारतात, कोणत्या वयात सुरू करावं. वयाचं लार्सने सांगितलंच आहे. अवघड भाग दुसरा, खाली उभ्या असणाऱ्यांचा.

साताऱ्यात शाळेच्या पहिल्या दिवशी मीनू फाटकाशी थांबली आणि म्हणाली, “यू गो होम, आत्या.” मला बरंच सांगायचं होतं. मी वळले, कोपऱ्यावरच्या दुकानातून नको असलेली अर्धा किलो तूरडाळ घेतली आणि घरी गेले.