उपरण्यानं धरलेली जागा

नांदेडला मी अर्धवाहकांच्या अतिसूक्ष्म कणांवर संशोधन करत होतो. दर सोमवारी गावाहून तिकडे परतताना वसमतच्या स्टँडवर एक म्हातारे दिसायचे. गाडी लागली की खिडकीतून पिशवी आणि उपरणं आत टाकून दोन जागा धरायचे. बायकोला दवाखान्यात न्यायचे तेव्हाची ती सवय. बायको जाऊन वर्ष झालं होतं, हे मला कंडक्टरनं सांगितलेलं. तरी म्हाताऱ्यांचा सोमवार चुकत नव्हता. शेजारच्या जागेवर उपरणं असायचंच, आणि कितीही गर्दी असो, ते उचला म्हणायला कुणाची जीभ रेटत नसे.

एकदा मी त्यांच्याजवळच उभा होतो.

"काय शिकून राहिला?" त्यांनी विचारलं.

"दोन कणांच्या मधी भिंतीसारखा अडसर असतो, मामा. वरून जायची ताकद नसली तरी इलेक्ट्रॉन कधीकधी पल्याड सापडतो."

"भोक पाडून?"

"न्हाई. भिंत शाबूत राहती."

ते उपरण्यावरून हात फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "कोणत्याबी भिंतीतून?"

"न्हाई मामा, भिंत लई पातळ लागती. जाड असली की न्हाई जमत."

त्यांनी उपरणं उचलून खांद्यावर टाकलं.

"बस लेकरा," म्हणाले, "रिकामीच हाय."