बाबांनी सोनोग्राफीसाठी लघवी रोखून धरली, म्हणून बरं झालं

मंडळी, आत्ताच यवतमाळहून राजूरला घरी आले अन् आधी हेच लिहायला बसले.

माझे बाबा कोळसा खाणीतून रिटायर झालेले. वर्षभर झालं, चार पायऱ्या चढल्या की त्यांना दम लागतो. मागच्या रिपोर्टात ‘हृदयाचं पंपिंग नॉर्मल’ आलं, तेव्हापासून घरात सगळे म्हणायचे, आळस आहे. मीसुद्धा.

आज पुन्हा हृदयाची सोनोग्राफी होती. सोनोग्राफी म्हटल्यावर बाबांनी बसमध्येच दोन बाटल्या पाणी पिऊन लघवी रोखून धरलेली! डॉक्टर मॅडम हसल्या. “काका, ते पोटाच्या सोनोग्राफीसाठी असतं. आधी जाऊन या.”

बाथरूम खालच्या मजल्यावर. बाबा जिना चढून आले ते धापा टाकतच. मॅडमचं हसू थांबलं. “तसेच झोपा,” म्हणत त्यांनी लगेच छातीवर मशीन टेकवली.

सुई नाही, हृदयात तार घालणं नाही. पडद्यावरच कळलं. हृदय रक्त नीट फेकतंय, पण स्नायू कडक झाल्यामुळे सैल होऊन भरत नाही. मागच्या वेळी आरामात झोपवून तपासलं, तेव्हा हे दिसलंच नव्हतं.

बाबा एवढंच म्हणाले, “मी तुले सांगून राह्यलो होतो ना, बाई.”

लाज वाटली. आता त्यांना कोणी आळशी म्हणून दाखवावं! अन् यापुढे प्रत्येक डॉक्टरला विचारणार, दम लागलेला असताना पाहिलं का?

तुमच्या घरी कोणी रोज “दम लागते” म्हणतं का? तुम्ही कोणाचं ऐकता, त्यांचं की कागदाचं?